पोथी, छापील ग्रंथ आणि किंडल : बारामती-इंदापूरच्या वाटेवरून

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना अर्धवट सुटलेली वाक्यं पुरी केली आहेत, बाकी ओघ तोच ठेवला आहे.

विषय आहे वाचनयंत्रांचा. किंडल आणि त्यासारखी यंत्रं छापील पुस्तकाची जागा घेतील का? शाळा-कॉलेजातल्या वक्तृत्व स्पर्धांनी हा विषय इतका चघळला आहे की दोन्ही बाजू पाठ झाल्यात. एक जण उठतो आणि नव्या पुस्तकाच्या वासावर बोलतो. दुसरा उठतो आणि हजार पुस्तकं एका खिशात मावतात म्हणतो. खरं सांगायचं तर वासाचा मुद्दा मला कधीच पटला नाही. वास तर रद्दीच्या दुकानातही येतो. आणि हजार पुस्तकं खिशात ठेवून वाचायची किती, हेही कुणी सांगत नाही.

म्हणून आज जरा वेगळ्या वाटेनं जाऊ. एक वाचनसाधन जाऊन दुसरं येण्याचा प्रकार मराठीत पहिल्यांदा घडत नाहीये. आधीही घडलाय, आणि त्याचा हिशेब आपल्याकडे आहे. तो तपासायला पुणे जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा नाही. बारामती आणि इंदापूर. ऊस, दूध आणि राजकारण यांच्यासाठी ही नावं आपण रोज ऐकतो. पण बारामतीत अठराव्या शतकात मराठीतला सगळ्यात जास्त लिहिणारा कवी राहून गेला, आणि इंदापूर तालुक्यातून दरवर्षी जी पालखी जाते तिच्यामागे मराठीतल्या सगळ्यात प्रसिद्ध बुडवलेल्या पुस्तकाची गोष्ट आहे. आपल्या प्रश्नाला हे दोघं पुरेसे आहेत.

कऱ्हेकाठचा कवी

मोरोपंत, म्हणजे मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म १७२९, पन्हाळगडावरचा. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या भावांकडे त्यांचं शिक्षण झालं, आणि विशी-पंचविशीत ते बारामतीला आले. तिथे होते बाबूजी नाईक. मोठे सावकार, आणि पेशव्यांचे सोयरे. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरात दिलेली. कऱ्हा नदीच्या काठी नाईकांचा वाडा आजही उभा आहे. या घराण्याच्या आश्रयानं पंत बारामतीत राहिले, पुराण सांगितलं, आणि लिहिलं. १७९४ साली चैत्री पौर्णिमेच्या सुमारास बारामतीतच वारले.

किती लिहिलं? संपूर्ण महाभारत आर्येत. भागवताचे स्कंध. 'केकावली'. आणि रामायणं एकशे आठ, असं परंपरा सांगते. सगळी मिळून पाऊण लाखाच्या घरात कविता होते, असं नेहमी सांगितलं जातं. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. डोंगर तो डोंगरच.

आता महत्त्वाची गोष्ट. या माणसानं आपली एकही ओळ छापलेली पाहिली नाही. पंत गेले तेव्हा मराठी पुस्तक छापण्याची सोय इथे जवळपास नव्हतीच. पुण्यात नाना फडणवीस आणि इंग्रज वकील मॅलेट यांच्या काळात तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून गीता छापण्याचा उद्योग सुरू झाला होता, तो नानांच्या मृत्यूनंतर मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये पुरा झाला. त्याच १८०५ साली तिकडे बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापलं गेलं. पंतांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

मग हे डोंगराएवढं लेखन लोकांपर्यंत पोचलं कसं? हातानं आणि तोंडानं. हातानं म्हणजे नकला. कागद आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरचा नावाजलेला होता. काजळ आणि डिंकाची शाई, बोरूची लेखणी. लांबट आडवी सुटी पानं, दोन्ही बाजूंनी लाकडी फळी, वर रुमाल. पान उलटायचं नाही, उचलून पलीकडे ठेवायचं. नकलकार शेवटी दिवस-तिथी घालायचा आणि वाचणाऱ्याला विनवायचा की बाबा, तेलापाण्यापासून ही पोथी सांभाळ. आणि तोंडानं म्हणजे कीर्तनकार. पंतांची आर्या कीर्तनात पूर्वरंगालाही चाले, आख्यानातही चाले. ज्यांनी पंतांची पोथी जन्मात हातात धरली नाही, त्यांच्या कानावर पंत पडत होते.

म्हणजे बघा, आपण 'मूळ पुस्तक' म्हणून ज्याची आठवण काढतो, ते पंतांच्या बाबतीत मुळी पुस्तक नव्हतंच. ऐकणाऱ्याला तो आवाज होता. वाचणाऱ्याला सुट्या पानांचा गठ्ठा होता. छापील ग्रंथ हा पंतांच्या कवितेचा तिसरा अवतार.

तुपाची शाई

हा तिसरा अवतार सुखासुखी आला नाही. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू झाला, आणि त्यातून बाहेर पडायची ती धर्मप्रसाराची पुस्तकं. त्यामुळे छापील कागद म्हणजे मिशनऱ्यांचा कागद, ही समजूत पक्की झाली. शाईत जनावराची चरबी असते ही दुसरी धास्ती. तो छापखाना पाहून गणपत कृष्णाजी नावाच्या गृहस्थानं स्वतःची खटपट सुरू केली, दगडी छाप तयार केला, आणि १८३१ साली पहिलं छापील पंचांग काढलं. त्यानं युक्ती काय केली? शाईत चरबीऐवजी तूप घातलं. गोविंद नारायण माडगावकरांच्या 'मुंबईचे वर्णन' या १८६३ च्या पुस्तकात गणपत कृष्णाजीची हकिगत आहे, आणि छापील कागदाला हात लावायला कचरणाऱ्या सोवळ्या मंडळींचाही उल्लेख आहे.

मला ही तुपाची गोष्ट फार आवडते. हसायला येतं, पण त्यात एक शहाणपण आहे. नवं साधन आणणाऱ्यानं जुन्या वाचकाची अडचण शोधून काढली आणि ती साधनातच सोडवली. 'तुम्ही मागासलेले आहात' असं भाषण दिलं नाही.

दुसरी युक्ती आकाराची. छापखाने आले तरी कितीतरी वर्षं धार्मिक ग्रंथ पोथीच्याच आकारात छापले जात होते. आडवी, सुटी, न शिवलेली पानं. यंत्रावर छापायचं, पण दिसायला पोथीच. जावजी दादाजींच्या निर्णयसागरनं आणि इतरांनीही अशा पोथ्या काढल्या. आजही गुरुचरित्राची पोथी दुकानात त्या आकारात मिळते आणि लोक ती रुमालात बांधून देवघरात ठेवतात. आता किंडल हातात घेऊन पाहा. कागदासारखा मंद पांढरा पडदा, पान उलटल्याचा भास, पुस्तकाची खूण म्हणून कोपरा दुमडलेला. छापील ग्रंथानं पोथीचा वेष घेतला होता, यंत्रानं छापील ग्रंथाचा घेतलाय. हा वेष कधीतरी गळून पडतो. छापील पुस्तकाचा गळला, मग त्याला मागे पुठ्ठा आला, अनुक्रमणिका आली, शब्दसूची आली. वाचनयंत्र अजून वेष घालूनच फिरतंय.

मोरोपंत छापात आले ते हळूहळू. परशुरामतात्या गोडबोल्यांनी १८५४ मध्ये 'नवनीत' हा जुन्या कवितेचा वेचा काढला, त्यात पंत होते, आणि 'नवनीत' पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. माधव चंद्रोबा डुकल्यांनी 'सर्वसंग्रह' मासिकातून जुनी कविता छापली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त पंतांच्या कवितेवर सविस्तर लिहिलं. १८९० पासून निर्णयसागरचा 'काव्यसंग्रह' वामन दाजी ओकांच्या हाताखाली सुरू झाला. १९०८ साली ल. रा. पांगारकरांचा पंतांवरचा मोठा चरित्रग्रंथ आला. थोडक्यात, बारामतीचा पुराणिक महाराष्ट्राचा कवी झाला तो छापखान्यामुळे, हे मान्य करायलाच हवं.

पण याची किंमतही पंतांनीच मोजली, असं मला वाटतं. कीर्तनात आर्या आली की बुवा ती उलगडून सांगत, पुन्हा म्हणत, तिचा अनुप्रास कानात घोळत राही. छापात तीच आर्या पानावर एकटी उभी राहिली आणि तिच्या खाली बारीक टायपात कठीण शब्दांचे अर्थ आले. ऐकण्याचा कवी वाचण्याचा झाला, मग अभ्यासाचा झाला, मग परीक्षेचा झाला. आज पंत म्हटलं की लोक 'अवघड' म्हणतात. त्यात पंतांचा दोष आहेच, संस्कृतचा सोस त्यांना होता. पण थोडा दोष माध्यम बदलण्याचाही आहे.

आता आपल्या यंत्राकडे येऊ. पंतांची शब्दांची करामत दोन प्रकारची. निरोष्ठ रामायण घ्या. त्यात प-फ-ब-भ-म यांसारखी ओठ मिटावे लागणारी अक्षरंच नाहीत. ही करामत तोंडाची. पोथी असो, छाप असो, यंत्र असो, म्हणून पाहिलं की कळते. पण मंत्ररामायणासारख्या रचनेत राममंत्राची अक्षरं क्रमानं कवितेत गुंफलेली आहेत. ही करामत डोळ्यांची. गंमत अशी की जुन्या पोथीत ती दिसायला अवघडच. पोथीत शब्द तोडून लिहीत नसत, चरणांच्या ओळीही वेगळ्या करत नसत, सगळं सलग. छपाईनं पहिल्यांदा प्रत्येक चरणाला स्वतःची ओळ दिली. वाचनयंत्रावर काय होतं? आपण अक्षर मोठं केलं की ओळ मोडते, चरणाचं शेपूट खाली येतं, आणि कविता पुन्हा सलग वाहायला लागते. म्हणजे अडीचशे वर्षांनी आपण पोथीच्या सलग मजकुरापाशी परत आलो. कादंबरीला याचा काही फरक पडत नाही. कवितेला पडतो. वाचनयंत्रावर कादंबरी वाचणाऱ्याशी मी कधीच वाद घालणार नाही. कविता वाचणाऱ्याला मात्र मी छापील प्रत शोधायला सांगेन.

नदीचं नाव नीट येतं का?

इथे एक छोटी पण आपल्या घरची अडचण सांगतो. इंग्रजी वाचकाला ती कधी कळणार नाही. बारामतीच्या नदीचं नाव लिहा. कऱ्हा. यातला तो अर्धा 'र' पाहा, आडव्या मिशीसारखा. दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, सगळीकडे तोच. हा मराठीचा खास 'र'. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदी डोळ्यापुढे ठेवून केलेल्या टंकात किंवा चुकीच्या पद्धतीनं टाइप केलेल्या मजकुरात कऱ्हेच्या डोक्यावर रफार चढतो आणि नदीचं नाव वेगळंच उमटतं. मराठी 'ल' आणि मराठी 'श' यांचं वळणही हिंदीपेक्षा निराळं आहे. कागदावर छापताना जुळारी बरोबर खिळा उचलत असे. यंत्रावर ते टंक कोणी केला आणि मजकूर कोणी भरला यावर अवलंबून.

किंडल अमेरिकेत आलं २००७ च्या नोव्हेंबरात. त्यावर मराठी पुस्तकं अधिकृतपणे मिळायला लागली २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. मधली नऊ वर्षं मराठी वाचकासाठी ते यंत्र जवळजवळ मुकंच होतं. आणि नंतरही पुस्तकं धडाधड आली नाहीत, त्यामागे एक कारण आपल्या छापखान्यांत दडलेलं आहे. नव्वदच्या दशकापासून आपली बहुतेक पुस्तकं संगणकावर जुळली खरी, पण श्रीलिपी, आकृती असल्या टंकांत. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच इंग्रजी अक्षर किंवा खूण. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण मराठी छपाईच्या रोजच्या कामात ते शिरायला फार वेळ गेला. त्यामुळे प्रकाशकाकडे पुस्तकाची संगणकावरची प्रत आहे, तरी ती तशीच वाचनयंत्रावर चढत नाही. बदलून घ्यावी लागते, आणि मग पुन्हा मुद्रितं वाचावी लागतात. हजार प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक तो खर्च कुठल्या हिशेबात धरणार?

असंच एकदा आधीही झालं होतं. मोडी लिपी. रोजचा सगळा व्यवहार, दफ्तरं, पत्रं, हिशेब मोडीत. केरीनं श्रीरामपूरला मोडीचे खिळेही पाडले होते. पण पुस्तकं स्थिरावली ती बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. न थांबता लपेटून लिहायची मोडी सुट्या खिळ्यांना मानवेना. छापात जे सहज बसतं ते टिकलं, आणि आज मोडी वाचायला वर्ग लावावे लागतात. घराघरांत कागद आहेत आणि घरातल्या कुणालाच ते वाचता येत नाहीत. नव्या यंत्राला आपल्या लिपीची सगळी वळणं शिकवणं हा बारीकसारीक तांत्रिक हट्ट नाही, ते यासाठी म्हणतो.

इंद्रायणीतली गाथा आणि परत घेतलेली पुस्तकं

आता बारामतीहून पुढे निघू. आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीला मुक्काम करते, मग सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला पोचते. सराटीला पादुकांना नीरास्नान, आणि नीरा ओलांडली की अकलूज, सोलापूर जिल्हा. बेलवाडीचं आणि इंदापूरचं रिंगण ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय सांगणार.

त्या पालखीमागची गाथेची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. श्रद्धावान माणूस ती चमत्कार म्हणून सांगतो. दुसरा माणूस म्हणतो, वह्या बुडाल्या, पण अभंग लोकांच्या तोंडात होते, म्हणून तरले. दोन्ही सांगण्यांतून एकच व्यवहार निघतो: एका जागी असलेलं पुस्तक एका माणसाला नाहीसं करता येतं, शंभर जागी असलेलं नाही. संताजी जगनाड्यांच्या हातच्या वह्या होत्या. पुढच्या पिढ्यांनी ठिकठिकाणी नकला ठेवल्या. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ ते १८७३ या काळात गाथेची दोन खंडांची संशोधित आवृत्ती काढली, तेव्हा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर अशा ठिकाणच्या प्रती त्यांच्यापुढे होत्या. त्या कामाला मुंबई सरकारनं चोवीस हजार रुपये दिले होते. त्या काळचे चोवीस हजार! पुढे १९५० साली तुकोबांच्या त्रिशतसांवत्सरिक निमित्तानं सरकारनं पु. मं. लाडांच्या प्रस्तावनेसह गाथा पुन्हा काढली, ती अजून लोकांच्या घरात दिसते.

आणि आता जुलै २००९. स्थळ अमेरिका. लोकांनी पैसे मोजून किंडलवर घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं अ‍ॅमेझॉननं त्यांच्या यंत्रांतून दूरवरूनच काढून घेतली. ज्यानं ती विक्रीला लावली होती त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं, पैसेही परत मिळाले. पण एक शाळकरी मुलगा पुस्तकावर टिपणं काढत अभ्यास करत होता, त्याची टिपणं निरुपयोगी झाली. कंपनीनं पुढे माफी मागितली. नंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, आणि तिथून घेतलेली पुस्तकं वाचकांकडून गेली. पैसे परत, पुस्तक गायब. २०२५ च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉननं किंडलची पुस्तकं आपल्या संगणकावर उतरवून ठेवण्याची जुनी सोयही काढून टाकली.

माझ्या लेखी खरा प्रश्न इथे आहे. डोळे दुखतात का, बॅटरी पुरते का, हे प्रश्न सुटलेत. ई-शाईच्या पडद्याला मागून उजेड लागत नाही आणि एकदा चार्ज केलं की काही आठवडे बघायला नको, त्यामुळे लोडशेडिंगचं रडगाणंही इथे लागू नाही. सुटलेला नाही तो मालकीचा प्रश्न. छापील पुस्तक मी विकत घेतलं की माझं. मी ते भाचीला देईन, वाचनालयाला देईन, रद्दीत घालीन. किंडलवरच्या दुकानात आपण बहुतेक वेळा पुस्तक घेत नाही, वाचायची परवानगी घेतो. तुकोबांची गाथा तरली ती नकला करायला कुणाची परवानगी लागत नव्हती म्हणून.

अर्थात दुसरी बाजूही तितकीच खरी. कागद आहे म्हणून सगळं सुरक्षित, असंही नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी सापडली. त्यांनी ती १९०९ साली छापून प्रसिद्ध केली. मूळ पोथी मात्र पुढे अभ्यासकांच्या हाती लागली नाही. आज आहे ती छापील प्रत. पुण्यात भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ ला हल्ला झाला, तेव्हा हस्तलिखितांची आणि ग्रंथांची नासधूस झाली. आणि इंदापूर तालुक्यातच पळसदेवला जा. उजनीचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं दगडी मंदिर वर येतं, लोक होडीतून बघायला जातात. दगडासारखं टिकाऊ काय असतं? पण दगड जागचा हलत नाही, हीच त्याची अडचण. जे हलतं, ज्याच्या नकला होतात, ते वाचतं. या हिशेबानं पाहिलं तर संगणकावरची प्रत ही आजवरची सगळ्यात उत्तम पोथी आहे. अट एकच, नक्कल करायची मोकळीक हवी.

मग जागा घेतली का नाही?

काही जागा तर कधीच घेतल्यात, आपल्या लक्षात आलं नाही इतकंच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आता कोण कपाटातून काढतं? शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाकला की अर्थ समोर. तर्कतीर्थांच्या हाताखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश, पहिला खंड १९७६ चा, आज मोबाइलवर वाचला जातो आणि मुलं त्यातून निबंध लिहितात. शोधायचं पुस्तक यंत्राकडे गेलं. ते परत येणार नाही, आणि यावं असंही मला वाटत नाही.

ऐकायचं पुस्तक परत आलंय. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकांना मोठा श्रोता मिळाला. उसाच्या फडातून ट्रॅक्टर नेणारा माणूस किंवा बारामती एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालेला माणूस कादंबरी ऐकू शकतो. कीर्तनाचीच ही वंशावळ, आणि तुम्ही आम्हाला ऐकता तेही त्यातलंच.

राहिलं ते तालुक्याच्या आणि गावोगावच्या वाचनालयांचं. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान, अशी अकरा-बारा हजार ग्रंथालयं चालतात. कपाटांपुढच्या टेबलांवर आता बरेचदा एमपीएससीची आणि पोलीस भरतीची मुलं-मुली बसलेली असतात, आणि त्यांच्या हातात असते मोबाइलवरची पीडीएफ. यावर नाक मुरडणारे भेटतात. मी मुरडणार नाही. शांत जागा, पंखा, दिवा आणि शेजारी अभ्यास करणारा माणूस हेही वाचनालयच देतं, आणि ते किंडल देत नाही. पण त्या मुलांमागच्या कपाटात जे आहे त्याची काळजी मला जास्त वाटते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या, तालुक्याच्या स्मरणिका, साखर कारखान्याचे जुने अहवाल, स्थानिक कवींनी पदरमोड करून छापलेले संग्रह. यातलं बहुतेक ना पुन्हा छापलं जाणार, ना कुठल्या वाचनयंत्रावर येणार. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, म्हणून ते सरसकट स्कॅन करून नेटवर टाकताही येत नाही. आणि कागद पिवळा पडतोय. यंत्रानं मोरोपंतांची जागा कधीच घेतलेली आहे, कारण पंत सगळीकडे आहेत: छापात आहेत, विकिस्रोतासारख्या मोकळ्या ठिकाणी आहेत. अडचण आहे ती पंतांनंतर दोनशे वर्षांनी झालेल्या, एकाच आवृत्तीच्या माणसाची.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, विशेषतः बारामती, इंदापूर, दौंड, फलटण भागात, माळ्यावर रुमालात बांधलेली पोथी किंवा मोडी कागद असतील, तर एवढं करा. तेल-कुंकू लावू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. सावलीत, सपाट जागेवर, एकेक पान ठेवून मोबाइलनं दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पानांचा क्रम न मोडता. फोटो एकाच फोनमध्ये ठेवू नका. शेवटचं पान आधी बघा, नकलकाराचं नाव, गाव आणि शक बहुतेक तिथेच असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पौष-माघाच्या सुमाराची तिथी असेल तर कधी ७९ मिळवावे लागतात. वाचता आलं नाही तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून हेच काम करतंय. मूळ पोथी द्यायची की घरी ठेवायची ते नंतर सावकाश ठरवा. फोटो मात्र या पावसाळ्याच्या आत काढा.